तसूभर चूक

"मी तसूभरही मागे हटणार नाही," असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. हा तसू म्हणजे काय, हे मात्र आज फारच थोड्यांना ठाऊक असते. तसू हे लांबीचे माप. सोळा तसूंचा एक हात आणि चोवीस तसूंचा एक गज. मुंबई इलाख्यात गज सत्तावीस इंचांचा धरत, म्हणजे तसू झाला सव्वा इंचाला सूतभर कमी, आजच्या हिशेबाने साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर. माप गेले, पण बोलण्यात त्याचा ठसा राहिला.

वरच्या वाक्यात मी मुद्दामच 'सूतभर' हा शब्द वापरला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तसू गेला तरी सूत अजून जिवंत आहे. गोव्यात काय किंवा बेळगावात काय, दार बसवायला आलेला सुतार आजही "तीन सूत रंधा मारावा लागेल" असेच म्हणतो. त्याच्या टेपवर मिलिमीटरच्या रेघा असतात, पण त्या त्याच्या तोंडी येत नाहीत. आणि सुतार हा शब्द तरी कुठून आला? संस्कृतातला 'सूत्रधार' प्राकृतातून झिजत झिजत 'सुतार' झाला. सूत धरणारा तो सुतार. करवत नव्हे, वाकस नव्हे, रंधा नव्हे. त्याच्या हातातले मुख्य हत्यार दोरा. लाल कावेत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये उचलून सोडली की लाकडावर सरळ रेघ उमटते. सुतासारखे सरळ, सुतात असणे, सूत जुळणे हे सारे शब्दप्रयोग याच दोऱ्याला बांधलेले आहेत.

हे सगळे डोक्यात घोळू लागले ते निपाणीच्या एका स्नेह्यांमुळे. निवृत्त शिक्षक आहेत. निपाणी म्हटले की तंबाखू आठवते, होडी आठवत नाही. तिथून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पण या गृहस्थांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा फुटी, एका शिडाची लाकडी होडी बांधायला घेतली. हिडकलच्या जलाशयात ती वाऱ्यावर चालवायची, एवढीच हौस. तसे पाहिले तर त्या मुलखाला पाणी काही परके नाही. वेदगंगा आणि दूधगंगा फुगल्या की काय होते ते २०१९ च्या पुरात सर्वांनी पाहिले. गूळ करायची काहील पाण्यात लोटून तिच्यात बसून नदी ओलांडणारी माणसे कोल्हापूर, सांगलीपासून चिकोडीपर्यंतच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. मात्र काहील ही गरज होती आणि शीड ही हौस.

मास्तरांनी नकाशा मागवला होता अमेरिकन पद्धतीचा. होडीच्या नकाशाबरोबर आकड्यांचे एक कोष्टक असते. होडीच्या लांबीवर ठरावीक अंतराने आडवे छेद घेतलेले असतात आणि प्रत्येक छेदाला मधल्या रेषेपासून रुंदी किती, तळापासून उंची किती, हे त्या कोष्टकात मांडलेले असते. आकडे असे असतात: २-६-७. मास्तरांनी हा आकडा वाचला 'दोन फूट, सहा पूर्णांक सात इंच'. मग पंचवीस पूर्णांक चारने गुणून त्याचे मिलिमीटर केले आणि त्या हिशेबाने बरगड्या कापल्या. सगळ्या बरगड्या उभ्या केल्या, त्यांवरून एक लवचीक पट्टी वाकवली, तर ती कुठे टेकते, कुठे अधांतरी राहते. होडीचे अंग म्हणजे जणू उपाशी बैलाच्या फासळ्या. मास्तरांनी आकडे दोनदा तपासले, गुणाकार तीनदा तपासले. सगळे बरोबर. गोव्याच्या माणसाला होड्यांतले कळत असणारच, या समजुतीने त्यांनी मला फोन केला. मला होड्यांतले कळते ते वाचण्यापुरते. पण बेळगावला जायचेच होते, म्हणून वाट वाकडी करून निपाणीला गेलो.

कोडे सोडवले ते खानापूरकडच्या एका मेस्त्रींनी. घरांची छपरे करणारा हा माणूस. होडी त्यांनी जन्मात बांधली नव्हती. कोष्टकाकडे पाहून ते म्हणाले, "मास्तर, हे दोन फूट सहा इंच सात सूत की हो."

अगदी बरोबर. होडीच्या कोष्टकातला तिसरा आकडा इंचाचे आठवे भाग सांगतो. इंग्रजी-अमेरिकन होडीकारांची ही जुनी रीत आहे, आणि ती आपल्या सुताराच्या फूट-इंच-सूत या बोलीशी शब्दशः जुळते. ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते त्याने ती बरोबर वाचली, आणि ज्याने आयुष्यभर दशांश अपूर्णांक शिकवले त्याला ती चकवून गेली.

आता चूक किती झाली ते पाहू. सात सूत म्हणजे ०.८७५ इंच, मास्तरांनी धरले ०.७. फरक जवळजवळ साडेचार मिलिमीटरचा. पण तिसरा आकडा १ असेल तिथे एक सूत म्हणजे ०.१२५, आणि धरले ०.१. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर. म्हणजे प्रत्येक ठिकाणी चूक वेगळी. एका बरगडीला नखाएवढी, तर दुसरीला पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची. सगळीकडे सारखीच साडेचार मिलिमीटर कमी पडली असती तर होडी किंचित बारीक झाली असती, इतकेच. डोळ्याला कळलेही नसते. कमीजास्त पडली म्हणून अंग खडबडीत झाले. मोजमापाच्या चुकीत किती चुकले यापेक्षा कसे चुकले हे महत्त्वाचे, ते असे.

दुरुस्ती ऐकायला फार साधी आहे. सुदैवाने चूक नेहमी कमीकडेच झाली होती, जास्तीकडे कुठेच नव्हती. आणि लाकूड कमी पडले तर जोडता येते. मेस्त्रींनी प्रत्येक बरगडीच्या बाहेरच्या कडेला पातळ चीप डिंकाने चिकटवायला लावली, गरजेपेक्षा थोडी जाडच. मग नाळेपासून मागच्या फळीपर्यंत लवचीक पट्टी वाकवून, जिथे ती उचलली जाते तिथे रंधा मारायचा. पुन्हा पट्टी, पुन्हा रंधा. मधूनमधून मेस्त्री होडीच्या टोकाशी उकिडवे बसत आणि एक डोळा मिटून पट्टीवरून नजर टाकत. शेवटचा निवाडा त्या डोळ्याचा.

त्याआधी मात्र त्यांनी तीन परीक्षा घेतल्या होत्या. मधोमध ताणलेल्या दोरीवर प्रत्येक बरगडीचे मध्य येते का. ओळंबा सोडला तर बरगडी उभी आहे का. आणि नाळेच्या टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत एकच दोरी सारखी भरते का. ही तिसरी परीक्षा मला फार आवडली. तीत आकडाच नाही. दोरीला गाठ मारायची, डाव्या कोपऱ्याला लावायची, तीच उजव्याला लावायची. गाठ जुळली तर होडी तिरकी नाही. किती फूट, किती मीटर, याच्याशी काही देणेघेणे नाही. मास्तरांची होडी या परीक्षेत उत्तीर्ण झाली, कारण त्यांनी दोन्ही बाजूंना चूक केली होती ती अगदी सारखी.

हा काही विनोद नव्हे. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनच्या राजाचे 'वासा' हे नवेकोरे युद्धजहाज स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीवर निघाले आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन कलंडले, बुडाले. १९६१ साली ते वर काढले गेले. आत कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन पट्ट्यांवर स्वीडिश फूट होता, बारा इंचांचा. उरलेल्या दोहोंवर ॲमस्टरडॅमचा फूट, अकरा इंचांचा. जहाज बांधायला स्वीडिश आणि डच असे दोन्ही कारागीर होते. प्रत्येकाने आपापल्या पट्टीने काटेकोर मोजले, आणि जहाजाच्या दोन बाजू एकसारख्या झाल्या नाहीत. ते बुडाले त्याचे मुख्य कारण वरचा भाग फार जड होता हे, ते तेवढ्यावर ढकलू नये. पण दोन पट्ट्यांची गोष्ट विसरता येत नाही. कोणीच चुकले नव्हते, आणि तरी चूक झाली होती.

दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे चूक जन्माला येते असे म्हटले, तर बेळगाव-निपाणीचा मुलूख हा अशा चुकांचे माहेरघर ठरायला हवा होता. निपाणी इंग्रजी अमलाखालच्या मुंबई इलाख्यात. चार पावलांवर कोल्हापूर संस्थान. घाट उतरला की पोर्तुगीज राज्य. मराठी आणि कानडी या दोन भाषा तर एकाच बाजारात. १९५६ हे वर्ष पाहा. त्या वर्षी संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत मीटर-किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. एकाच वर्षात गजही बदलला आणि राज्यही. गज बदलल्याचे दुःख कोणाला झाले नाही. दुसऱ्या गोष्टीची जखम अजून भरलेली नाही.

पण प्रत्यक्षात अशा मुलखातली माणसे चुकत नाहीत, कारण दोन मापे आहेत हे त्यांना ठाऊक असते. घात होतो तो जगात एकच माप आहे असे धरून चालणाऱ्याचा. मास्तर दशांशाच्या राज्यात वाढले. मेस्त्री दोन्हीकडे ये-जा करणारे.

लाकडाच्या व्यापारात तर ठरवून केलेली एक चूकच प्रमाण मानली गेली आहे. खानापूर, लोंढा, दांडेली हा सगळा सागवानाचा पट्टा. गोल ओंडक्याचे घनफूट काढायची जुनी रीत अशी: ओंडक्याचा घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा, दहा फूट लांब ओंडका या हिशेबाने दहा घनफूट भरतो. भूमितीने काढाल तर तो पावणेतेरा घनफुटांच्या आसपास येतो. म्हणजे शंभरातले एकवीस-बावीस हिस्से हिशेबातून गायब. ही लबाडी नव्हे. गोल ओंडक्याची चौकोनी तुळई करताना साल, बाहेरचे कच्चे लाकूड आणि कडेचे फाळके वाया जातात, त्यांची ती आधीच केलेली वजावट आहे. घेणारा-देणारा दोघांनाही ती माहीत असते. सर्वांना ठाऊक असलेल्या चुकीला व्यवहारात चूक म्हणत नाहीत, दस्तुर म्हणतात.

जहाजाच्या लाकडाविषयी या भागाशी जवळचे नाते असलेला मजकूर म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात ते लिहिले गेले. अमात्यांचे बावडे निपाणीहून काही फार दूर नाही. आरमाराच्या प्रकरणात पंतांनी लिहिले आहे की आरमाराला सागासारखी थोर लाकडे लागतात, ती राज्यातल्या अरण्यातून हुजूरच्या परवानगीने तोडावी, आणखी लागतील ती परमुलखातून विकत आणावी. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे. पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. हे वाचताना आपण पर्यावरणाचे कौतुक करतो, ते योग्यच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जहाजाचे खरे माप पट्टीने नव्हे, वर्षांनी मोजायचे असते. चुकीची कापलेली फळी म्हणजे चाळीस-पन्नास पावसाळे वाया.

आता घाट उतरून आपल्या गोव्यात येऊ. जुन्या गोव्याच्या मांडवीकाठच्या गोदीत, तिला पोर्तुगीज 'रिबैर' म्हणत, मोठमोठी जहाजे बांधली जात. त्या गोदीत लांबी मोजायचे पोर्तुगीज एकक कोणते होते? त्याचे नाव 'गोआ'! तीन 'पाल्मु द गोआ' म्हणजे एक गोआ, साधारण ७७ सेंटिमीटर. दोन गोआ म्हणजे एक 'रुमु', सुमारे १.५४ मीटर. नाव वाचून आपल्याला आनंद होतो, पण या मापाचा आपल्या गोव्याशी काही संबंध नाही. भूमध्य समुद्राकाठच्या जहाज-सुतारांकडून ते पोर्तुगालला गेले, आणि १५८० च्या सुमारास फेर्नांव द ऑलिव्हेर याने जहाजबांधणीवर जो पोर्तुगीज ग्रंथ लिहिला त्या काळी तेच चालू होते. मजा पुढेच आहे. बाजारातला नेहमीचा पाल्मु २२ सेंटिमीटरचा होता आणि गोदीतला सुमारे २५.७ सेंटिमीटरचा. नाव एक, वितभर लांबीही दोघांची, पण गोदीतली वीत बाजारातल्या विती‍पेक्षा सहाव्या हिश्श्याने मोठी. आपल्या सुतारांच्या हाताशी स्वतःचा हात-तसूचा हिशेब, मुकादमाच्या तोंडी गोआ आणि रुमु, बाजारात तिसरेच. आणि तरीही या गोदीतली जहाजे टिकली. १५५९-६० च्या सुमारास गोव्यात बांधलेले 'सिंकु शागश' हे जहाज पंचवीस वर्षांहून अधिक काळ लिस्बन-गोवा वाटेवर चालले. त्या काळी बहुतेक जहाजे चार-पाच सफरींतच खिळखिळी होत. पुढे १८४३ साली दमणला बांधलेले 'दों फेर्नांदु सेगुंदु इ ग्लॉरिया' हे सागवानी फ्रिगेट आजही पोर्तुगालमध्ये पाहायला मिळते. १९६३ साली ते आगीत जळाले होते, पण त्याचा सांगाडा दुरुस्त करता आला.

तीन मापांच्या गोंधळात हे जमले कसे? याचे उत्तर बांधणीच्या रीतीत आहे. आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत आधी फळ्या, मग बरगड्या अशी. पठाण, म्हणजे तळाचा कणा, घालायचा. त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक फळी चढवत न्यायची. टरफल तयार झाले की त्याच्या आतल्या वळणाला बेतून बरगडी कोरायची. प्रत्येक लाकूड आधीच्या लाकडावरून मापायचे. कागदच नाही, तर कागदाशी न जुळण्याची चूक येणार कुठून? तुलना एकच: डावी बाजू उजवीसारखी आहे की नाही. युरोपात पुढे बरगड्या आधी, फळ्या मग अशी उलटी रीत रूढ झाली आणि कोष्टके आली. कोष्टकाचा फायदा असा की एकाच नकाशाच्या शंभर होड्या होऊ शकतात. तोटा असा की एकाच चुकीच्याही शंभर होऊ शकतात. म्हणूनच मुरलेला होडीकार कोष्टकावर आंधळा विश्वास टाकत नाही. आधी जमिनीवर होडीचे पूर्ण आकाराचे चित्र काढतो, पट्टी वाकवून पाहतो, आणि पट्टीने आकड्याला खोटे ठरवले तर पट्टीचे ऐकतो. निपाणीत मास्तरांनी नेमकी हीच पायरी वगळली होती.

ग्रंथ आणि कारागीर यांच्यात अंतर किती असू शकते याचा आपल्याकडचा नमुना म्हणजे भोजराजाच्या नावावर असलेला 'युक्तिकल्पतरु'. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली आपल्या भारतीय नौकानयनावरच्या इंग्रजी ग्रंथात त्याचा भरपूर आधार घेतला आणि तेव्हापासून तो सगळीकडे सांगितला जातो. त्यात नौकांची मापे हातांत दिली आहेत. 'क्षुद्रा' सोळा हात लांब, चार रुंद, चार उंच. शेवटची 'मंथरा' एकशेवीस लांब, साठ रुंद, साठ उंच. पहिली समजू शकते. पण एकशेवीस हात लांब आणि साठ हात उंच अशी लाकडी नौका कोणी पाण्यात घालून पाहावी! बारा हात काकडी आणि तेरा हात बी, तसलाच हा हिशेब. ग्रंथ खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो लिहिणाऱ्याच्या हातात लेखणी होती, वाकस नव्हता, एवढेच त्यातून दिसते. आपल्या पूर्वजांच्या नौकाविद्येचा अभिमान बाळगायचा तर तो या कोष्टकापेक्षा नाव न ठेवता गेलेल्या मेस्तांचा बाळगावा.

अभिमानाला जागा आहेच. हळशी हे खानापूर तालुक्यातले गाव. आज तिथे भूवराह नरसिंहाचे देऊळ पाहायला लोक जातात. हीच जुनी पलाशिका, गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी. समुद्रमार्गे सोमनाथाची यात्रा करणारा षष्ठदेव याच घराण्यातला. समुद्रावर जहाजे आणि घाटावर राजधानी, असे हे एकच राज्य होते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, म्हादई उगम पावते आणि गोव्यात येऊन मांडवी होते. सत्तरीत या नदीच्या खोऱ्यात नौकेवर आरूढ झालेल्या देवीची जुनी पाषाणशिल्पे आहेत.

त्याच नावाची शिडाची नौका, 'म्हादेई', दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत तयार झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाच्या ताब्यात गेली. आराखडा डच, छप्पन्न फुटी. अंग लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरचे थर देऊन केलेले. दिलीप दोंदे तिच्यातून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठेही न थांबता फिरून आले. गोव्यात परतले २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन 'तारिणी', तीही दिवाडीचीच. खानापूरच्या रानातले पाणी ज्या बेटाला वळसा घालून समुद्राला मिळते, त्या बेटावरून या नौका निघाल्या हे मला विशेष वाटते.

आणखी एक नौका इथे आठवते. 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी नौका मुंबईत बांधली गेली आणि डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज दर्यावर्दीने नकाशा मागवला होता एका होडीचा, आणि आला दुसऱ्याच, जुन्या धाटणीच्या होडीचा. परत पाठवून वाट पाहायला वेळ नव्हता. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने आणि हातसामत्याने आल्या नकाशाबरहुकूम नौका उभी केली. सुरुवातच चुकीची म्हणायची! त्याच नौकेतून तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाला, आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. वाटेत तळाच्या कण्याजवळच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा त्याने भर समुद्रात बुडी मारून तो सांधा बाहेरून बुजवला. याच 'सुहेली'ची प्रतिकृती 'थुरिया' २०१७ साली दिवाडीलाच बांधली गेली.

आणि अगदी अलीकडची 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, खिळे न मारता काथ्याने फळ्या शिवून गोव्यात बांधलेली. चित्रात लांबी-रुंदी कोणी लिहून ठेवली नव्हती. ती ठरवायला नौदलाचे अभियंते, मद्रास आयआयटीची पाण्यातली चाचणी आणि बाबू शंकरन यांच्यासारखा जहाजे शिवणारा केरळचा कारागीर, असे सारे एकत्र बसले. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचली. आकडे सांगणारे आणि हाताने बोलणारे एकमेकांचे ऐकतात तेव्हा हे होते.

आपल्याकडे आज आकडे सांगणारे पुष्कळ आहेत. म्हादईचेच पाणी पाहा. लवादाच्या ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असे वाटे पडले, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. त्या आकड्यांवर किती वाद झाला ते आपण जाणतो. मी त्यातला तज्ज्ञ नाही. पण नदी ही दोन टोकांची होडी आहे, आणि एका टोकाला लावलेली पट्टी दुसऱ्या टोकालाही लावून पाहावी, एवढे तरी मला निपाणीच्या त्या गाठ मारलेल्या दोरीने शिकवले. गाठ दोन्हीकडे जुळायला हवी.

दुसरी बाजू मात्र ओस पडत चालली आहे. फूट-इंच-सूत एका नजरेत वाचणारे मेस्त्री आता साठीच्या पुढचे आहेत. त्यांची मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली, आणि त्यात त्यांची चूक नाही. छपरे आता लोखंडाची होतात, होड्या फायबरच्या. गेले ते लाकूड असते तर पुन्हा लावता आले असते. गेली ती नजर. एखाद्या कोष्टकात चूक आहे हे कोष्टकाकडे पाहून कळत नाही. ते पट्टीवरून एक डोळा मिटून पाहणाऱ्याला कळते. तो माणूस उरला नाही तर चुका होणे थांबणार नाही, फक्त त्या दिसणे थांबेल.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात आजोबा-पणजोबांचा लाकडी गज असेल, खुणा केलेली बांबूची कामटी असेल, पितळी ओळंबा असेल, तर तो भंगारात देऊ नका. आणि ओळखीत एखादे म्हातारे मेस्त असतील, रापणीच्या होड्या किंवा पडाव बांधलेले, तर त्यांच्याजवळ बसून लाकडाच्या प्रत्येक तुकड्याचे नाव लिहून घ्या: मराठीत, कोंकणीत, कानडीत, जसे ते सांगतील तसे. गज सापडला तर त्यावरच्या खुणांमधले अंतर आजच्या पट्टीने मोजून पाहा. सत्तावीस इंच भरले तर तो मुंबईचा. नाही भरले, तर त्याची हकिगत अधिक ऐकण्यासारखी असेल. मला जरूर कळवा.